केसपेपर मागून घ्या

वाराणसीला राजा घाटावर गेलो, तेव्हा घाट बांधून काढणाऱ्या अमृतराव पेशव्यांचं नाव ऐकलं. त्याच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नाळ कापणाऱ्या चमाइन बायांना मात्र विटाळ ठरवलं गेलं. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. विटाळ गेला, असं मला वाटत नाही.

महाराष्ट्रातलं अच्युतराव खोडवा प्रकरण पाहा. १९६३च्या जुलैत एक शिक्षिका औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंत झाली. तीन दिवसांनी नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहिला. २४ जुलैला ती गेली. सर्वोच्च न्यायालयानं सरकारला जबाबदार धरलं ते १९९६ साली. भरपाई ३६ हजार रुपये! या घरात शिक्षण होतं, नोकऱ्या होत्या. तरी तेहतीस वर्षं लागली.

मग आपल्या वस्तीतल्या मजूर बाईचं काय? बाळंतपणात इजा होऊन लघवी थांबेनाशी झाली, की घरचेच तिला वेगळं बसवतात. चूक कोणाची, हे कोणी विचारत नाही. आणि विचारायला हातात कागद लागतो.

डॉक्टरांच्या २००२च्या नियमावलीप्रमाणे, मागितल्यापासून ७२ तासांत केसपेपरची नक्कल द्यावी लागते. साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख घाला, पोच घ्या.