शोकप्रस्तावानंतरचे कामकाज

धुळ्याचे माजी मंत्री रोहिदास पाटील २७ सप्टेंबर २०२४ रोजी निवर्तले. अशा माजी सदस्याचा शोकप्रस्ताव विधानसभेत आला की सत्ताधारी व विरोधक एका सुरात गुणगान करतात, स्तब्ध उभे राहतात. (एरवी एवढे एकमत सभागृहाला परवडत नाही!) परंतु त्या सदस्याच्या हयातीत शासनाने दिलेल्या आश्वासनांचे काय झाले, हे त्या दिवशी कोणी विचारीत नाही. धुळे-शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेतीस तापीचे पाणी देणाऱ्या सुलवाडे–जामफळ–कानोली उपसा सिंचन योजनेच्या भूमिपूजनालाच फेब्रुवारी २०१९ उजाडले. तोवर खानदेशातील एक पिढी पावसाकडे पाहत म्हातारी झाली. विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. प्रत्येक शोकप्रस्तावाबरोबर तिने दिवंगत सदस्याला मिळालेल्या, परंतु न पाळलेल्या आश्वासनांची यादी पटलावर ठेवावी.