हरवलेल्या सुरांचा धनी कोण?

बीथोव्हनने ऐन विशीत ओबोसाठी एक कॉन्चेर्टो रचला होता. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या जातीचे, दुहेरी पत्तीचे वाद्य. आणि कॉन्चेर्टो म्हणजे एक प्रमुख वादक व वाद्यवृंद यांचा संवाद. १७९३ मध्ये गुरू हायडन यांनी शिष्याची प्रगती दाखवण्यासाठी ही रचना बॉनच्या अधिपतीकडे धाडली. त्याचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे. पाठवलेल्यांपैकी एक फ्यूग सोडली तर बाकी सारे व्हिएन्नाला जाण्यापूर्वी बॉनमध्येच रचले व वाजवले गेले होते, म्हणे!

पुढे कॉन्चेर्टो हरवला. उरले ते तिन्ही भागांच्या आरंभीचे थोडे स्वर आणि मधल्या संथ भागाचा कच्चा आराखडा. एवढ्या भांडवलावर दोघा डच अभ्यासकांनी तो मधला भाग उभा केला. २००३ साली रॉटरडॅमला तो वाजला. बाजूच्या दोन भागांना त्यांनी हात लावला नाही. हा संयम मला त्यांच्या विद्वत्तेइतकाच मोलाचा वाटतो.

काहीजण म्हणतील, जे हरवले ते हरवले, उगाच ठिगळे कशाला? हे मत मला पटत नाही. आराखडा कपाटात मुका पडून राहण्यापेक्षा कोणीतरी तो वाजता करावा. पण मग तो कोणाचा म्हणायचा?

बीथोव्हनच्याच एका व्हायोलिन कॉन्चेर्टोचे २५९ बार उरले आहेत. बार म्हणजे स्वरलेखनातील लहान विभाग. १८७९ मध्ये हेल्मेसबर्गरने तो पुरा केला, नंतर इतरांनीही केला. आरंभ एकच, शेवट मात्र ज्याचा त्याचा! आपल्याकडे समस्यापूर्तीत दिलेली ओळ एकाची आणि श्लोक पुरा करणाऱ्याचा, हे सर्वांना ठाऊक असते. तबकडीच्या वेष्टनावर मात्र बीथोव्हनचे नाव ठळक, पूर्ती करणाऱ्याचे बारीक टाइपात, असे का व्हावे?

जाणकाराला जोड कानाने कळेल. ज्यांच्या घरात ही तबकडी प्रथमच वाजते आहे, त्या आमच्यासारख्यांनी काय करावे? आम्ही वेष्टनावरच विश्वास ठेवणार. म्हणून दोन्ही नावे सारख्या अक्षरांत छापा. आणि व्हायोलिनचा तो तुकडा आधी जिथे तुटतो तिथपर्यंतच वाजवा, थांबा, मग पूर्तीसह पुन्हा वाजवा. दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतील, एवढेच.