अननस खाताना जीभ का चुरचुरते?

ताजे अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते. बहुतेक जण आंबटपणाला दोष देतात, पण अननसात ब्रोमेलेन नावाचे विकरही असते. ते प्रथिनांचे तुकडे करते आणि जिभेच्या नाजूक आवरणालाही सोडत नाही! कच्च्या फोडी घातलेले दूध याच कारणाने कडवट होते, जेली घट्ट बसत नाही. शिऱ्यात मात्र ही अडचण येत नाही, कारण उष्णतेने विकर निकामी होते. डबाबंद अननसाचेही तेच. त्यात गोडवा भरपूर, ब्रोमेलेन मात्र जवळपास नाहीच.

हे फळ मूळचे दक्षिण अमेरिकेतले. तेथील तुपी भाषेतले त्याचे नाव पोर्तुगीजांनी उचलले आणि फळासोबत आपल्याकडे आणले. त्याच खंडातील व्हेनेझुएलाचे रसायनशास्त्रज्ञ व्हिसेंते मार्कानो यांनी १८९१ मध्ये अननसातून हे विकर वेगळे केले. फळ तोडल्यावर उरणाऱ्या खोडातही ते विपुल असते.

खोडातल्या या विकरांपासून भाजलेल्या रुग्णांसाठी लेप तयार झाला. तो मृत त्वचा विरघळवतो, त्यामुळे ती शस्त्राने खरवडण्याची गरज कमी होते. त्याला युरोपात २०१२ मध्ये, तर अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. हा लेप रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच लावतात. म्हणून घरी कोणी भाजल्यास जखमेवर अननसाचा रस मुळीच चोळू नये. आधी गार वाहते पाणी, मग डॉक्टर.

ब्रोमेलेनच्या गोळ्याही मिळतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, रक्तस्राव वाढू शकतो. जेवणानंतरच्या दोन-चार फोडींची गोष्ट वेगळी.