हसण्यातून इंग्रजी : निवासी शाळेसाठी एक सूचना

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातील पालक मुलाला निवासी शाळेत दाखल करताना ज्या अपेक्षा बोलून दाखवतात, त्यांत 'पोराला इंग्रजी बोलता आले पाहिजे' ही अपेक्षा हटकून असते. ती रास्तच आहे. महाराष्ट्र शासनाने २००० साली मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. त्यापूर्वी तो पाचवीपासून शिकवला जात असे. शिकण्याची वर्षे वाढली, पुस्तकेही सुधारली. तरीही दहावीला इंग्रजीत बरे गुण मिळवलेला आहुप्याचा किंवा घाटघरचा विद्यार्थी पुण्याच्या महाविद्यालयात गेला, की पुष्कळदा मागच्या बाकावर गप्प बसून राहतो. या स्मरणिकेच्या माजी विद्यार्थी वाचकांना हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

या मुलांजवळ शब्द नसतात असे नव्हे. निबंध त्यांना पाठ असतो, काळ ओळखता येतात, कर्तरीचे कर्मणी करता येते. उणीव असते ती कानाची आणि धिटाईची. शहरातील मुलाच्या कानावर घरात, शिकवणीत, दुकानात रोजच्या व्यवहारातले इंग्रजी पडत असते. आपल्या मुलाच्या कानावर ते फक्त तासाला पडते, आणि तेही बहुधा वाचून दाखवलेले असते. म्हणून माझी सूचना अशी आहे की, वसतिगृहात आठवड्यातील तीन संध्याकाळी अर्धा-पाऊण तास निवडक इंग्रजी विनोदी दूरचित्रवाणी मालिका मुलांना पद्धतशीरपणे दाखवाव्यात, आणि हा वेळ अभ्यासाचा समजावा.

विनोदी मालिकाच का? बोलीभाषेतील प्रयोगांचा अर्थ शब्दकोशात शोधून हाती लागत नाही, तो प्रसंगातून उमगतो. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मराठी नव्याने शिकणाऱ्या परक्या माणसाला याचा उलगडा व्याकरणाने होणार नाही, पण चार घरांतून चार माणसे 'येतो' म्हणत बाहेर पडताना पाहिली की लगेच होईल. इंग्रजीचेही तसेच आहे. 'हेल्प युअरसेल्फ' याचा शब्दशः अर्थ 'स्वतःला मदत कर'. जेवणाच्या टेबलावर मात्र तो 'घ्या, संकोच करू नका' असा होतो. 'आय ॲम अफ्रेड, ही इज नॉट इन' असे म्हणणारा माणूस भ्यालेला नसतो. साहेब जागेवर नाहीत हे तो नम्रपणे सांगत असतो. अशा मालिकांत माणसे ठरावीक आणि जागाही ठरावीक असतात. एक घर, एक कचेरी, एक चहाकॉफीचे दुकान. तेच नमस्कार-चमत्कार, त्याच सबबी, तीच माफी दर भागात नव्या प्रसंगात ऐकू येते. घोकंपट्टी न करता उजळणी होते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. विनोद कळल्याशिवाय खरे हसू येत नाही. म्हणजे योग्य क्षणी आलेले हसू ही आकलनाचीच परीक्षा असते, आणि तिला गुण नसल्यामुळे नापास होण्याचे भयही नसते. नारायणगावच्या परिसरात वाढलेल्या आपल्याला ही गोष्ट नवी नाही. तमाशातील सोंगाड्या समोरच्याचा शब्द मुद्दाम भलत्याच अर्थाने घेतो आणि हशा पिकवतो. ज्याला शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक असतात तोच तेथे हसतो. शेजारच्या पोराला एक अर्थ नव्याने कळतो आणि तो घरी जाऊन ते वाक्य दहा जणांना ऐकवतो. शाळेची पायरी न चढलेल्या कितीतरी माणसांच्या भाषेला अशा बतावणीने धार आणली आहे.

मात्र हसू ही दुधारी वस्तू आहे, आणि येथेच शाळेची खरी जबाबदारी सुरू होते. इंग्रजी बोलण्याची भीती म्हणजे मुळात कोणीतरी हसेल याची भीती. २०१२च्या 'इंग्लिश विंग्लिश' या हिंदी चित्रपटातील शशी गोडबोले ही पुण्याची गृहिणी लाडू करण्यात निष्णात. पण तिच्या उच्चाराला तिची स्वतःची मुलगीच हसते. चित्रपट गाजला, कारण ती जखम घरोघरची होती. आपल्या मुलांच्या बाबतीत ती अधिक खोल जाते. त्यांच्या इंग्रजीला हसणारा माणूस पुष्कळदा त्यांच्या मराठीलाही, गावालाही आणि जातीलाही हसत असतो. भाषेच्या आडून होणारा हा अवमान ज्याने एकदा अनुभवला, तो पुढे उत्तर येत असूनही हात वर करीत नाही.

म्हणून मालिका निवडताना एक प्रश्न आवर्जून विचारावा : येथे हसू कोणाला येते आहे, आणि कोणावर? १९७७ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या 'माइंड युअर लँग्वेज' या मालिकेत लंडनमधील इंग्रजीच्या वर्गात भारत, पाकिस्तान, चीन, इटली अशा देशांतील प्रौढ शिकाऊ जमतात. शब्दांच्या घोटाळ्यांवर ती बेतलेली असल्याने भाषेच्या दृष्टीने उपयोगी आहे. परंतु एकेका देशाच्या माणसाला एकाच ठोकळ्यात बसवल्याबद्दल तिच्यावर टीकाही झाली. १९९३ साली आपल्याकडे त्याच कल्पनेवर 'जबान संभाल के' ही हिंदी मालिका आली. पंकज कपूर तीत हिंदीचे शिक्षक होते, आणि टॉम ऑल्टर यांनी रंगवलेला इंग्रज गृहस्थ हिंदी शिकताना अडखळत होता. या दोन मालिकांतील एकेक भाग मुलांना लागोपाठ दाखवावा. परक्या भाषेच्या उंबरठ्यावर प्रत्येक जण ठेचकाळतो, इंग्रजही त्याला अपवाद नाही, हे व्याख्यानापेक्षा त्यातून लवकर पटेल.

पद्धतीविषयी थोडे. नुसता संच सुरू करून देणे म्हणजे शिकवणे नव्हे. इंग्रजी संवादांखाली इंग्रजीच ओळी असाव्यात. मराठी वा हिंदी ओळी असल्या की डोळे त्या वाचतात आणि कान विसावतो. ऐकू येणाऱ्या भाषेतच ओळी दाखवण्याचा विचार आपल्या देशाला नवा नाही. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी वाचनाच्या सरावासाठी दूरचित्रवाणीवरील चित्रपटगीतांना त्याच भाषेतील ओळी जोडण्याचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला. एकच भाग तीनदा घ्यावा. पहिल्या दिवशी ओळींसह पाहावा. दुसऱ्या दिवशी ओळी झाकून पाहावा आणि नवे दहा प्रयोग वहीत उतरवावेत. तिसऱ्या दिवशी मुलांनी त्यातील एक प्रवेश स्वतः करून दाखवावा, आणि शक्य तर तो मंचर-घोडेगावच्या बाजारात घडतो असे कल्पून. एक सावधगिरी मात्र हवी. पुष्कळ मालिकांत प्रेक्षकांचे हसणे ध्वनिफितीतूनच येते, आणि त्याच्या पाठोपाठ मुलेही हसतात. अशा वेळी भाग थांबवून 'का हसलात?' असे विचारावे. उत्तर मराठीत आले तरी चालेल.

यावर आक्षेप येतील. 'टीव्ही पाहायला का पोराला वसतिगृहात ठेवले?' असे एखादी माउली विचारील. तिला तिसऱ्या दिवसाचा प्रवेश पाहायला बोलवावे. काही मालिकांतील भाषा आणि प्रसंग मुलांच्या वयाला शोभणारे नसतात. म्हणून प्रत्येक भाग शिक्षकांनी आधी पाहिलाच पाहिजे. सम्यक् वाचेचा संस्कार देणाऱ्या शाळेने कोणाच्या रंगाची, देहाची वा जातीची टर उडवणारा विनोद वगळावा, हे ओघाने आलेच. शिवाय अर्ज, निबंध, शास्त्रीय विषयांचे इंग्रजी मालिकांतून येणार नाही. त्यासाठी पुस्तक आणि शिक्षक यांना पर्याय नाही. मालिकेने कान तयार व्हावा, जीभ सैल व्हावी, इतकेच अपेक्षित आहे. कान आधी आणि अर्थ मागून, हा क्रम आपल्या मुलांना परका नाही. त्रिशरण-पंचशील पाली भाषेत ती प्रथम ऐकून, सर्वांबरोबर म्हणूनच शिकतात; अर्थ मागाहून उलगडतो.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. हिरडा, इरले, नाचणी यांच्या जगातून आलेल्या मुलाची बोली ही इंग्रजीच्या वाटेतील धोंड नाही. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या यवनांच्या दानांचे शिलालेख आहेत. कोणी पाण्याच्या पोढी दिल्या, कोणी भोजनमंडप. परके म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसांची नावे इथल्या प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत कोरली गेली. त्यामुळे ती माणसे लहान झाली नाहीत. आपली मुलेही तशाच ताठ मानेने इंग्रजीत आपले नाव कोरू शकतील. त्यासाठी शाळेने वेळ द्यावा, माजी विद्यार्थ्यांनी चांगले भाग निवडून द्यावेत आणि सुटीच्या दिवशी मुलांबरोबर बसून ते पाहावेत. मागच्या बाकावर आपण का गप्प होतो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही.