अरण्यातली ती बस कोणी नेली?

शॉन पेन यांचा 'इन्टू द वाइल्ड' हा २००७ सालचा चित्रपट आजही सुशिक्षित तरुणांना मोहिनी घालतो. म्हणूनच त्यातील विचाराची झडती घेणे अगत्याचे आहे. कथा सत्य आहे. १९९० मध्ये पदवीधर झालेला क्रिस्टोफर मॅककँडलेस आपली सुमारे २४ हजार डॉलरची शिल्लक ऑक्सफॅम संस्थेला देतो, जवळच्या नोटा जाळतो आणि १९९२ मध्ये अलास्काच्या अरण्यात, वयाच्या २४व्या वर्षी, एकाकी मरण पावतो. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. धनलोभी समाजाची त्याला आलेली शिसारी खरीच होती. प्रश्न आहे तो उपायाचा.

त्याने समाज सोडला, असे म्हणतात. खरोखर सोडला काय? ज्या मोडक्या बसमध्ये तो राहिला, ती १९६१च्या सुमारास रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या निवाऱ्यासाठी तेथे ओढून नेलेली होती. त्याचा तांदूळ कोणा शेतकऱ्याने पिकवला होता, बंदूक कोणा कामगाराने घडवली होती. परतताना फुगलेल्या टेक्लानिका नदीने त्याला अडवले. मैलभराच्या आत प्रवाह मोजणाऱ्यांसाठी उभारलेला तारेवरचा पाळणा होता, पण त्याचा त्याला पत्ताच नव्हता. जगवत होते ते इतरांचे श्रम, आणि वाचवू शकले असते तेही इतरांचेच ज्ञान.

थोरो त्याला प्रिय होता. परंतु वॉल्डनच्या तळ्याकाठी राहत असतानाच, १८४६ मध्ये, गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर नाकारून थोरो तुरुंगात गेला. त्या अनुभवातून निघालेला कायदेभंगाचा विचार गांधीजींनाही मोलाचा वाटला. चित्रपटाने थोरोचे अरण्य तेवढे घेतले, तुरुंग वगळला.

भांडवलशाहीला असा संन्यास मुळीच खुपत नाही. तिला अडचण होते ती संपावर गेलेल्या कामगारांची. एकट्याने निघून गेलेल्या पदवीधराची नव्हे. उलट, त्याच्या मृत्यूचीही ती तिकिटे विकते. त्या बसच्या यात्रेपायी २०१० व २०१९ मध्ये दोन स्त्रिया नदीत बुडाल्या. अखेर २०२० मध्ये ती हेलिकॉप्टरने उचलून न्यावी लागली.

सुख इतरांबरोबर वाटून घेतले तरच ते खरे, अशा आशयाची नोंद त्याने अखेरीस एका पुस्तकात केली. चित्रपट तेथे संपतो. समाजवादाचा आरंभ तेथूनच होतो. कार्यकर्त्यांनी रानावनात अवश्य जावे. निसर्ग ही काही श्रीमंतांची मिरास नव्हे. मात्र तेथे राहणाऱ्या माणसांच्या पाण्याच्या, जमिनीच्या आणि मजुरीच्या प्रश्नांकडे पाठ फिरवून जीवनाचा जो अर्थ सापडतो, तो अर्थ नसून पळवाट आहे.