लाटेसाठी राखीव किनारा

पोर्तुगालमधील एरिसेरा हे मच्छीमारांचे लहानसे गाव. तेथे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, चालतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे १.३ पट उरली की लाट फुटते. वाळूचा तळ सरकतो, तशी फुटण्याची जागाही सरकते. येथील खडक मात्र जागचा हलत नाही. २०११ साली हा किनारा 'जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र' ठरला. खेळासाठी एवढा खटाटोप कशाला, असे तुम्ही म्हणाल. मला तो रास्त वाटतो. तळ किंवा किनारा बदलला की लाटही बदलते. पोर्तुगालच्याच मदेरा बेटावर, जार्दिम दु मार येथे, किनाऱ्याला संरक्षक भिंत बांधली. भरतीच्या वेळी तिच्यावर आपटून परतणाऱ्या लाटांनी तेथली नावाजलेली लाट बिघडवली.