काकूंच्या तुळशीपाशी रेंच

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आत्याने फोनवर दोनदा विचारलं, "बंद केलंस का रे ते?" बंद नाही केलं. विषय मिळत नव्हता. आता मिळालाय, पण तो इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचा आहे, त्यामुळे निम्मे नातेवाईक इथेच परत फिरतील. फिरू नका. वडगावातल्या आमच्या घरासमोरच्या विजेच्या खांबाची गोष्ट आहे, आणि थोडं भांडणही आहे.

तर झालं असं. वळवाच्या पावसात फांदी पडली आणि खांबावरची एका बाजूची तार तुटली. (बाहेरच्यांना वडगाव मावळ म्हटलं की १७७९ सालचा इंग्रजांशी झालेला तह आठवतो. आम्हाला लाइट जाणं आठवतं. असो.) खांब थोडा झुकला. लाइनमन आला, खालून बघूनच म्हणाला, "नुसता झुकला नाही साहेब, फिरलाय." बघितलं तर खरंच, वरचा आडवा अँगल रस्त्याशी तिरका झाला होता.

त्याच रविवारी भाची आली. पहिल्या वर्षाला आहे, रोज लोकलने जाते. तिच्या वहीत गणित होतं: दिलेली बलं आणि कपल यांची समतुल्य रेंच काढा. उत्तर बरोबर, मार्क पूर्ण. मी विचारलं, "रेंच म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "मामा, आर डॉट एम भागिले आर." मी म्हटलं ते सूत्र झालं, वस्तू काय? तर गप्प. क्लासमध्ये सांगितलं होतं म्हणे, की हे दरवर्षी येतं, पायऱ्या पाठ करा, डोकं लावू नका.

हे "डोकं लावू नका" माझ्या डोक्यात गेलं, म्हणून हा लेख.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रेंच म्हणजे पाना नव्हे. पान्याने आपण नुसतं पिळतो. स्क्रूड्रायव्हर आठवा, ज्या रेषेत दाबतो त्याच रेषेभोवती फिरवतो. एक बल आणि त्याच रेषेभोवतीचा एक पीळ, या जोडीला रेंच म्हणतात. एखाद्या कडक वस्तूवर कुठूनही, कशीही, कितीही बलं लावा, त्या सगळ्यांची मिळून शेवटी अशी एकच जोडी करता येते. ही गोष्ट खरोखर सुंदर आहे. फ्रान्समधल्या लुई प्वांसोने १८०३ साली स्थितिशास्त्रावर पुस्तक लिहिलं आणि कपलची कल्पना रुळवली. पुढे रॉबर्ट बॉल नावाच्या आयरिश खगोलशास्त्रज्ञाने १८७६ साली या स्क्रूंवरच अख्खा ग्रंथ लिहिला. आकाश बघणारा माणूस स्क्रूंच्या मागे लागला याचं मला फार कौतुक वाटतं :)

मग मी भाचीला खिडकीपाशी नेलं. म्हटलं, हा खांब सोडव. आकडे अंदाजाचे घेतले, गणित सोपं व्हावं म्हणून. खांबाचं वजन ३०० किलो, सरळ खाली. उरलेल्या तारेची ओढ १०० किलो, आडवी, रस्त्याच्या दिशेत. तार जमिनीपासून ८ मीटरवर, आणि अँगलच्या टोकाला असल्यामुळे खांबाच्या मध्यापासून अर्धा मीटर बाजूला. दोनच बलं, पण ती एकमेकांना कुठेच छेदत नाहीत आणि समांतरही नाहीत. अशा दोन बलांचं एक बल कधीच होत नाही. वर्गात फळ्यावर सपाट चित्र काढलं की नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

तिने दहा मिनिटांत केलं, हात चांगला आहे तिचा. एकूण बल ३१६ किलो. पायथ्याशी मोमेंट काढला तर खांब वाकवणारा ८०० आणि पिळणारा ५० (किलो गुणिले मीटर, युनिटवरून वाद नको). मग रेंच. मोमेंटचा जो भाग बलाला काटकोनात असतो तो बलाची रेषा बाजूला सरकवली की नाहीसा होतो. जो भाग बलाच्याच दिशेत असतो तो मात्र कुठेही सरकवा, जात नाही. तो निघाला ४७. पिच १५ सेंटीमीटर.

"उत्तर ४७," म्हणाली, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मी म्हटलं आता अक्ष कुठे आहे तो दाखव. तिने मांडलं. रेषा खांबाच्या टोकाशी, पण ५ सेंटीमीटर बाजूने जाते आणि तिरकी उतरत पायथ्यापासून २.६७ मीटरवर जमिनीला टेकते. मी खिडकीतून बोट दाखवलं. तिथे शेजारच्या काकूंचं तुळशीवृंदावन आहे!

खांब तुळशीपाशी गाडलेला नाही हो. तो जिथे गाडलाय तिथल्या काँक्रीटला ८०० सोसायचे आहेत. ४७ हा आकडा धरून कोणी पाया घातला तर खांब आडवा होईल. रेंचमधला मोमेंट सगळ्यात कमी असतो असं वहीत चौकटीत लिहिलंय, आणि ते खरंही आहे. पण तो कमी होतो तो आपण उभं राहायची जागा बदलली म्हणून. खांबाला जागा बदलता येत नाही. कडक वस्तूच्या एकूण हालचालीपुरती ती बलं आणि ती रेंच सारखीच. खांब आतून कुठे मोडेल हा प्रश्न आला की सारखी नाहीत. हे एक वाक्य शिकवायला किती वेळ लागतो? मला चारचौघांसमोर विचारायचं आहे, हे वाक्य न सांगता पूर्ण मार्क देणं म्हणजे नक्की काय तपासणं?

आता दुसरी बाजू. माझा एक मावसभाऊ म्हणतो की हे सगळं काढूनच टाका अभ्यासक्रमातून, आयुष्यात कोणाला लागतं? त्याच्याशीही माझं भांडण आहे. ते ४७ शून्य नाहीत, यातच कळतं की या दोन बलांना तोलायला एकटं बल पुरणार नाही, मग ते कुठेही लावा. पीळ धरणारं काहीतरी वेगळं हवंच. लाइनमनने दुसऱ्या दिवशी हेच सांगितलं, सूत्राशिवाय. स्टे वायर खांबालाच बांधली तर झुकणं थांबेल, फिरणं नाही. मोठ्या मनोऱ्यांचं भारतीय मानक आहे, आयएस ८०२, त्यातही तार तुटल्याची स्थिती वेगळी धरून डिझाइन करायला सांगतात. (पायथ्याचे ८०० आणि ५० काटकोनात मिळवले तर योगायोगाने ८०२ च येतात. भाचीला हे फार आवडलं.)

आणि रोबोटवाले? ते सेन्सरमधून आलेले बलाचे तीन आणि मोमेंटचे तीन अशा सहा आकड्यांनाच रेंच म्हणतात, आणि ते आकडे जिथे हवेत त्या बिंदूपाशी मोजतात. हाताच्या मनगटाशी ताण किती हे हवं असेल तर मनगटाशीच. अक्ष शोधत तुळशीपर्यंत कोणी जात नाही. म्हणजे हा विषय जुनाट नाही, आपली प्रश्नपत्रिका जुनाट आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. त्याच गणितात शेवटी एक ओळ घाला: हा अक्ष वस्तूच्या बाहेर जातो का, आणि पायथ्याचा मोमेंट विचारला तर कोणता आकडा द्याल? दोन मार्क ठेवा. ज्याने पायऱ्या पाठ केल्यात त्याचे ते जातील, जाऊ देत. मी स्वतः डिप्लोमाला हे गणित पाठ करूनच पास झालो होतो आणि पुढे कित्येक वर्षं मला वाटत होतं की रेंच वस्तूच्या आतच कुठेतरी असते. कोणी विचारलंच नाही.

भाचीने त्या दोन रेघांखाली पेन्सिलने खांब काढला, शेजारी तुळस काढली आणि ८०० ला गोल केला. वहीत ते पान तसंच ठेव म्हटलंय. परवा नवी तार लागली, लाइट आले. अँगल मात्र अजून तिरकाच आहे, तो सरळ करायला परत येतो म्हणालेत.